पलूसची झोळी आणि कोरियन मालिका

या सदरातले अनुभव मी आजवर चहासोबतच्या खारीसारखे वाचत आलोय... चवीने, पण पोट भरेल अशी अपेक्षा न ठेवता. भूत, आत्मा, संकेत यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तरी आज लिहितोय.

मी साताऱ्याचा, सॉफ्टवेअरवाला. बाळंतपणासाठी माझी बायको मधुरा माहेरी, पलूसला गेलेली. मुलगी चार महिन्यांची झाली तेव्हा मीही लॅपटॉपसकट सासुरवाडीला मुक्काम ठोकला. नव्या बापाची एक अडचण कुणी सांगत नाही — जग पुढे निघून जातं. ऑफिसातले सगळे एका कोरियन मालिकेवर बोलायचे, मी डायपरच्या मापांवर. म्हणून बाळ झोपलं की मी ती मालिका दुप्पट वेगाने उरकायला लागलो.

त्या दुपारी मुलगी मधल्या खोलीत झोळीत झोपली होती. झोळीचं कापड मिटू नये म्हणून वर आडवी काठी लावतात. मालिका बघताना मोबाइलच्या कोपऱ्यात लेक दिसत राहावी म्हणून त्या काठीलाच मी नवा कॅमेरा चिमट्याने अडकवला होता. मधुरा अंघोळीला, सासूबाई गिरणीत. मी बाहेर सोप्यात, कानांत बाहेरचा आवाज अडवणारे इयरफोन.

पडद्यावर दोघं कोरियनमध्ये भराभर चिवचिवत होते. मध्येच अगदी संथ, म्हाताऱ्या आवाजात ऐकू आलं —

"पाव्हणं, पोरीकडं बघा."

मी कोपऱ्यात पाहिलं. मुलगी निवांत झोपलेली.

"तिथं न्हवं... उठा की वं!"

मी धावलो.

कॅमेऱ्याच्या वजनाने काठी निसटली होती. झोळी मिटून कापड पोरीच्या नाकातोंडावर गच्च बसलं होतं. मोबाइलच्या कोपऱ्यातलं चित्र कॅमेऱ्याचं नेट तुटल्यामुळे केव्हाच थिजलेलं. मी तिला ओढून काढलं. चेहरा लालबुंद, आवाज नाही... मग तिने श्वास घेतला आणि असा टाहो फोडला की मी तिला छातीशी धरून तिथेच खाली बसलो.

डॉक्टरांनी तपासून "ठणठणीत आहे" म्हटल्यावर घरी येऊन मी मधुराला विचारलं, "हाक तू मारलीस?"

"मी तुला पाव्हणं कधी म्हणते रे? आणि मी ओरडले असते तर इतकं सभ्य ओरडले असते?"

सासूबाईंनी नातीची दृष्ट काढली. "आवं, मी गिरणीत हुते. कुणी का असंना, येळंला बोलावलं न्हवं? आता त्याचं गाव इचारत बसताय व्हय?"

मी मात्र विचारत बसलो. तो भाग पुन्हा पाहिला, यावेळी साध्या वेगाने. हाक आली त्या जागी दोघं बोलणं थांबवून नूडल्स खातात, कुणी अवाक्षर बोलत नाही. एक मित्र म्हणाला, इयरफोनने शेजारच्या कुणाचा तरी फोन पकडला असेल. असेल. पण शेजाऱ्याला माझी पोर कशी दिसली?

आमच्या भागात कारखान्याच्या संचालकापासून गल्लीतल्या मंडळाच्या खजिनदारापर्यंत कुणाचाही सत्कार होतो, आणि मी ते सगळे मागच्या खुर्चीत बसून हसत पाहिलेत. आयुष्यात पहिल्यांदाच मला स्वतःला एक सत्कार करायचाय, अगदी मनापासून... पण शाल घालायची कुणाच्या खांद्यावर?