दिला म्हणायचं नाही

बाईंनी उभी हयात लोकांना गाडी शिकवण्यात घालवली, आणि त्या हयातीत त्यांनी जेवढे हॉर्न ऐकले तेवढे चौकातल्या पोलिसानेही ऐकले नसतील. शिकाऊ गाडी म्हणजे रस्त्याची सावत्र मुलगी. कोणीही यावं, तिच्यावर डाफरावं आणि पुढे जावं. शेजारी बसलेलं पोरगं घामाघूम होऊन क्लच सोडतंय, गाडी ठेचकाळतेय, मागे भोंग्यांचा कल्लोळ, आणि बाई मात्र खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणायच्या, "हॉर्न त्यांचा, पाय आपला." हे वाक्य शहरातल्या निम्म्या चालकांना आजही पाठ आहे.

बाईंच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. शिकणाऱ्याने घोळ घातला की बाई तो दाबायच्या. म्हणून त्यांचं नाव ब्रेकबाई. धंदा बंद करून इतकी वर्षं झाली, तरी टीव्हीवर कोणी भरधाव गाडी हाणली की सोफ्यावर बसल्या बसल्या बाईंचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो. घरातले हसतात. हसू देत.

पण त्यांची खरी खासियत वेगळीच होती. परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या फेरीला त्या चपला काढायच्या आणि सीटवर चक्क मांडी घालून बसायच्या. पाय वर, ब्रेक खाली. म्हणजे आता काहीही झालं तरी तुझं तू बघ. त्या मांडीला पोरं परीक्षेपेक्षा जास्त घाबरायची, आणि बहुतेक जण त्याच फेरीत गाडी शिकायची.

काका, म्हणजे बाईंचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करायचे. सगळे त्यांना लिफ्टवाले काका म्हणत. आयुष्यभर अडकलेल्या लोकांच्या शिव्या खात वर-खाली केल्यामुळे असेल, त्यांना मोकळ्या मैदानाची ओढ होती, आणि एका रविवारी कामावरच्या कोणाच्या तरी नादाने ते गोल्फ खेळायला गेले ते कायमचेच. आता गोल्फ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरे हातमोजे आणि लांबलचक गाड्या येतात. हे मैदान तसलं नव्हतं. पाण्याच्या टाकीमागे नगरपालिकेची जागा, एका अंगाला बस डेपोची भिंत, गवत कुठे आहे तर कुठे नाही, आणि भाड्याने मिळणाऱ्या काठ्यांच्या मुठींना चिकटपट्ट्या. खेळणारेही तसेच, बेकरीवाला, चष्म्याच्या दुकानाचा मालक, दोन-तीन कारकून. काकांच्या मागोमाग बाईही खेळायला लागल्या, आणि बऱ्या खेळायला लागल्या.

खेळ सांगायला सोपा. इथून काठीने चेंडू मारायचा, चालत जायचं, पुन्हा मारायचा, असं करत लांबवरच्या झेंड्यापाशी कापलेल्या हिरवळीवर पोचायचं आणि तिथल्या खळगीत चेंडू घालायचा. गोट्या खेळताना गल असते, तशीच ही खळगी, जरा मोठी. असे नऊ झेंडे. अडचण एकच. तिघा-चौघांचा एक गट पुढे सरकल्याशिवाय मागच्या गटाला चेंडू मारता येत नाही. पुढचा रेंगाळला की मागचे सगळे काठ्यांवर हनुवट्या टेकून उभे.

काकांच्या अंगात जोर होता तेव्हा असे रेंगाळणारे त्यांना मुळीच खपायचे नाहीत. बाईंनी हातमोजा चढवेपर्यंत काकांचा चेंडू गेलेला असायचा. पुढे कोणी चेंडूभोवती प्रदक्षिणा घालायला लागला की ते मोठ्याने म्हणायचे, "अहो, चेंडू आहे तो, मुलगी बघायला आलाय का?" हे लपवण्यात अर्थ नाही. माणूस चांगला होता, पण दुसऱ्याच्या वेळेला त्याच्या लेखी किंमत नव्हती.

मग डोक्यातली एक रक्तवाहिनी तुंबली आणि काकांची उजवी बाजू गेली. हळूहळू परत आली, पण पूर्ण नाही. पाय ओढत चालायचं, बोट धरल्यासारखी काठी धरायची. व्यायाम शिकवणारी मुलगी घरी यायची आणि म्हणायची, चाला. काका कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंतही जायला तयार नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडायचे. शेवटी बाईंनी एका रविवारी सकाळी त्यांना काही न विचारता बूट घातले आणि मैदानावर नेलं. तिथे बेकरीवाल्याने त्यांना बघून नुसतं म्हटलं, "उशीर केलात." काकांनी चेंडू मारला. तो चार हात गेला. काका त्याच्यामागे चालत गेले. त्या दिवसापासून आठवड्याचे सगळे वार एका रविवारसाठी जगायचे, असं त्या घरात चाललं. शनिवारी रात्री काका स्वतःच्या हाताने बूट पुसून ठेवायचे. बाईंना त्या बुटांकडे बघून झोप लागायची.

आणि नेमकं त्याच वर्षी मैदानाचं कप्तानपद चष्मेवाल्याकडे आलं. हा चष्मेवाला बाईंचाच विद्यार्थी, परीक्षेत तीनदा नापास झालेला, आणि तीनही वेळा घाईने. आता त्याच्या बुडाखाली छोटी विजेची गाडी आली. तिच्यात बसून तो मैदानभर फिरायचा आणि लोकांना हाकायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्याचं म्हणणं, खेळ फार संथ झालाय, तरुण माणसं येईनाशी झालीत, थांबला तो संपला. त्याने नियम केला की जो गट मागे पडेल त्याला ताकीद, आणि तिसऱ्या ताकिदीला रविवार सकाळ बंद. मग मधल्या वारी दुपारी या, कोणी नसतं, खुशाल खेळा. कोणी नसतं तिथे काका कशाला जातील, हे त्याला कोणी विचारलं नाही. दोन ताकिदी तर काकांच्या गटाला लागोपाठ मिळाल्यासुद्धा.

लेकीने फोनवर सांगितलं, आई, सोड ना आता, घरच्या गच्चीवर चालू देत बाबांना. बाईंनी फोन ठेवला आणि डोकं चालवलं.

गोल्फमध्ये एक रीत आहे. चेंडू खळगीच्या अगदी तोंडाशी असला की सोबत्याने म्हणायचं, "दिला." म्हणजे पडला असं समजू, उचल आणि चल. वेळ वाचतो, मैत्री टिकते. बाईंनी ही रीत हाताशी धरली. आधी वीतभर अंतरावरचा चेंडू दिला. मग हातभर. मग काका हिरवळीच्या काठावर पोचले न पोचले तोच बाई म्हणायच्या, दिला, आणि वाकून त्यांचा चेंडू उचलून खिशात टाकायच्या. बेकरीवाला समजूतदार माणूस, तो आकाशाकडे बघायचा. गट मागे पडेना. चष्मेवाला लांबून अंगठा वर करून शाबासकी द्यायला लागला. बाई स्वतःवर खूश होत्या, सापही मेला आणि काठीही वाचली.

फक्त शनिवारी रात्री बूट पुसले जाईनात. बाईंनी दोन आठवडे दुर्लक्ष केलं, तिसऱ्या आठवड्याला बूट दारात चिखलासकट पडलेले बघून त्यांनी विचारलं, काय झालं. काका स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. आजारानंतर त्यांचे शब्द सावकाश यायचे, आणि मधे बोललेलं त्यांना चालायचं नाही.

"माझा चेंडू," ते म्हणाले, "खळगीत पडल्याला किती दिवस झाले?"

बाई म्हणाल्या, मागच्या रविवारी तर सगळे नऊ झाले की.

"तू दिलेस. मी एकही घातला नाही." मग म्हणाले, "पोरांचा ब्रेक दाबायचीस, कारण कोणी मेलं असतं. इथे कोण मरतंय?"

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढं केलं, त्याचं हे फळ. त्या फणकारल्या की रविवार जाईल, मग बसा भिंतीकडे बघत. काका म्हणाले, जाऊ दे. दिलेलं नको. आणि वाद संपल्यासारखे ते कपातला उरलेला चहा प्यायला लागले. डाव्या हाताने नव्हे, उजव्या. कप थरथरत होता, थोडा चहा टेबलावर सांडला. बाईंचा हात पुढे गेला आणि त्यांना तो दिसला. स्वतःचाच हात, पुढे गेलेला, न विचारता. त्यांनी तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला. त्या रात्री त्यांना फार राग आला होता, आणि तो चष्मेवाल्यावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी एकदाही दिला म्हटलं नाही. दोन झेंड्यांतच गट मागे पडला. बाईंनी मागच्या दोन गटांना बाजूला होऊन वाट करून दिली, रस्त्यावर हात दाखवून पुढे जा म्हणतात तशी. तरीही नवव्या झेंड्यापाशी पोचेपर्यंत मागे तिसरा गट येऊन थांबला, त्याच्यामागे चौथा. चष्मेवाला आपली गाडी घेऊन हिरवळीच्या कडेला हजर. काकांचा चेंडू खळगीपासून चांगला चार-पाच पावलांवर होता. ते त्याच्याशी उभे राहिले, पाय नीट करायला लागले. उजवा पाय जागेवर यायला त्याला आधी डोक्यातून निरोप जावा लागतो, आणि तो निरोप टपालाने जातो.

चष्मेवाला वाईट माणूस नव्हता. तो हळूच म्हणाला, "बाई, द्या ना त्यांना. मागे सगळे खोळंबलेत."

बाई हिरवळीच्या कडेच्या बाकापाशी गेल्या. बूट काढले. आणि बाकावर मांडी घालून बसल्या.

चष्मेवाल्याने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. ती मांडी त्याच्या ओळखीची होती.

"नाही देत," बाई म्हणाल्या.

"बाई, ते खरंच हळू आहेत. मी काय करू?"

"हो, आहेत हळू. मी कधी नाही म्हटलं? ते असेच राहणार. उद्या याहून हळू होतील." बाईंचा आवाज चढला नाही, पण थांबलेल्या सगळ्या गटांना ऐकू गेला. "तुला बाजारातली ती गल्ली आठवते? गाडी आडवी घालून बसला होतास. मागे बस, तिच्यामागे अख्खा बाजार. लोक काचेवर थापा मारत होते. तू रडत होतास. मला स्टिअरिंग ओढून दोन झटक्यांत गाडी काढता आली असती. मी तुला दिला म्हटलं का?"

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. पुसायचं काही नव्हतं.

काकांनी काठी हलवली. चेंडू खळगीला वळसा घालून पलीकडे गेला. मागच्या गटातून कोणीतरी उसासा टाकला. काका चालत पलीकडे गेले, पुन्हा उभे राहिले, पुन्हा पाय. पुन्हा चुकला, केसभर. आता चेंडू वीतभर अंतरावर होता, कोणीही दिला असता. बेकरीवाल्याने तोंड उघडलं, बाकाकडे पाहिलं आणि मिटलं. बाईंचा उजवा पाय डाव्या मांडीखाली दाबून दाबून बधिर झाला होता. त्यांना उठून ओरडावंसं वाटत होतं. त्या बसून राहिल्या.

खुळुक.

एवढासा आवाज, पण काकांनी तो डोळे मिटून ऐकला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, मागे माणसं वैतागलेली होती. चष्मेवाला म्हणाला, "काका, आता तरी उचला."

काका वाकले. आजारानंतर ते पहिल्यांदाच इतके खाली वाकत होते. गुडघा आधी, मग कंबर, मग काठीवर भार देऊन तो उजवा हात, बोटं खळगीत चाचपत. चेंडू एकदा निसटला. मागच्या गटातल्या कोणीतरी चष्मेवाल्याच्या गाडीचा भोंगा वाजवला. काकांनी मान वर केली नाही. चेंडू बोटांत आला तेव्हा त्यांनी तो निरखला, अंगठ्याने पुसला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

तिसरी ताकीद मिळाली. नियम म्हणजे नियम, चष्मेवाला जमिनीकडे बघत म्हणाला, पुढच्या रविवारपासून सकाळी नाही. बाई बूट घालत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, तुझ्या दुकानात टाकलेला माझा चष्मा कधी तयार होईल.

शनिवारी रात्री बूट पुसले गेले. रविवारी सकाळी नेहमीच्या वेळेला काका, बाई आणि बेकरीवाला पहिल्या जागेवर उभे होते. चष्मेवाला गाडीतून उतरून धावत आला आणि समजावायला लागला की असं करू नका, मला उचलावं लागेल तुमचं सामान. बाईंनी पिशवी खाली ठेवली, बूट काढले आणि जिथून चेंडू मारतात त्या गवतावर, काकांच्या पायांपासून हातभर अंतर सोडून, मांडी घातली.

"सामान कशाला," त्या म्हणाल्या. "मलाच उचल."

मागे रांग वाढत होती. चष्मेवाला एकदा बाईंकडे, एकदा रांगेकडे बघत उभा राहिला. तोवर काकांनी चेंडू ठेवला, डावा पाय जागेवर आणला आणि उजव्याची वाट बघायला लागले.