रुमालाखालचा भाव

सांगली संस्थान विलीन होणार अशी कुणकुण लागली आणि राजधानीतल्या घरांचे भाव पडू लागले. वडील दरबारात कारकून. नोकरी जायच्या आत घर विकायचं त्यांनी ठरवलं.

गिऱ्हाईक आलं ते म्हसवडकडचं, जनावरांचा व्यापारी. बैलाच्या पाठीवर मारावी तशी त्यानं भिंतीवर थाप मारली. मला संताप आला. घर म्हणजे काय खोंड आहे?

मग बाजारातल्यासारखा त्यानं हातावर रुमाल टाकला. "आवं, भाव तोंडानं बोलायचा न्हाई. बोटं धरा. एक बोट म्हंजे हजार."

वडिलांचा हात रुमालाखाली गेला. आई नि मी त्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिलो. शेवटी व्यापाऱ्यानंच रुमाल ओढला. वडिलांनी त्याचा अख्खा पंजा आवळून धरला होता.

"पाच हजार?" आई पुटपुटली.

"न्हाई वैनी," तो हलकेच हात सोडवत म्हणाला, "ह्यो भावाचा हात न्हाई. बुडणारा माणूस आसा धरतो. हे घर मला पचायचं न्हाई."

आणि तो निघून गेला.

पुढं संस्थान गेलं, नोकरी गेली, घर तेवढं राहिलं. वडील मात्र शेवटपर्यंत सांगायचे, "दोनच बोटं धरायची होती. चुकून हात धरला गेला."