काळी तीन

"पेटी? कपड्यांची का?" असं म्हणून तो परीक्षक हसला, तेव्हा त्याच्या तोंडातला पेढासुद्धा मला दिसला. पेढे मीच नेले होते. बाहेरून साहेब येणार म्हटल्यावर चहा आणि पेढे हवेतच, ही आमच्याकडची खोड. वर्ष होऊन गेलं, तरी तो पेढा आठवला की माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

मी नसरापूरला पंक्चरच्या दुकानावरच्या एका खोलीत पियानो शिकवते. पियानो आपलं म्हणायचं. आहे तो कीबोर्ड, लाईट गेली की मुका. खरा पियानो मी आयुष्यात दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा पुण्यात, आणि एकदाच हात लावू दिला. पण पहिल्या परीक्षेला वाजवण्याच्या जोडीला तोंडी प्रश्न असतात. पियानो कुठून आला, आधी काय होतं, नावाचा अर्थ काय. ते सगळं मी पोरांकडून घोकून घ्यायचे. पाढे घोकतात तसं.

त्यात ही एक पोर वेल्ह्यापलीकडच्या पासलीची. अकरा वर्षांची, सहावीत. दर शनिवारी बाप तिला एसटीनं घेऊन यायचा आणि तास होईपर्यंत खाली पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर बसून राहायचा. हा बाप गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, म्हणजे हार्मोनियम. पोर त्याच्या पाठीमागं बसून ऐकून ऐकूनच शिकलेली. बोट असं पडायचं की मला आतल्या आत जळायला व्हायचं. खोटं कशाला बोलू?

आणि प्रश्न तरी किती! मी सांगितलं की पियानोच्या आधी हार्पसिकॉर्ड होतं, त्यात पट्टी दाबली की पिसाचं टोक तार छेडायचं. जोरात दाबा नाहीतर हळू दाबा, आवाज तेवढाच. मग इटलीतल्या एका कारागिरानं पिसं काढून तिथं छोट्या हातोड्या बसवल्या. बोट हळू तर हातोडी हळू, बोट जोरात तर हातोडी जोरात. म्हणून त्या वाद्याला नावच पडलं 'हळू आणि जोरात'. पुढं बोलून बोलून नाव झिजलं आणि नुसतं 'पियानो' उरलं, म्हणजे 'हळू'.

"आन जोरात कुठं गेलं, बाई?"

"गेलं कुठंतरी. पाठ कर."

"आपल्या ह्याच्यात हातुड्या कुठं हायेत?"

"नसतात ह्याच्यात. पाठ कर म्हटलं ना!"

माझ्या वर्गात एक नियम होता. काळी एक, काळी दोन असं म्हणायचं नाही. भजनात पट्ट्यांना तसंच म्हणतात. पांढरी एक, काळी तीन, काळी चार. बुवा आले की पहिला प्रश्न, कितीत गाणार? मी म्हणायचे, ते देवळात. इथं काळी तीनला एफ शार्प म्हणायचं. आणि हा नियम करणारी मी कोण? माझाही बाप वेल्ह्याकडचाच, पेटीवालाच. तो शेतावर गेला की फडकं बाजूला करून मी चोरून भाता हलवायचे, कारण मंडळात पोरींना पेटीला हात लावू देत नव्हते. पेटीवर शिकले, पेटीवर वाढले, आणि लग्न होऊन नसरापूरला आल्यावर पेटी हा शब्दच तोंडातून काढून टाकला. लई शहाणी झाले ना मी!

परीक्षा भोरला, भाड्यानं घेतलेल्या एका हॉलात होती. नेमकी भाताची लावणी चाललेली. बापाला चिखलातून पाय काढायला सवड नव्हती, म्हणून पोरीला घेऊन मी गेले. आदल्या शनिवारी त्यानं मला पोरीसमोरच सरळ सांगितलं होतं, "बाई, ही पास झाली तर फुडं शिकू दे. न्हाई झाली तर बास. दर शनवारी अख्खा दीस जातूय माझा." म्हणजे त्या दिवशी काय पणाला लागलंय, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं.

वाजवलं तिनं उत्तम. मग तोंडी. पियानो नावाचा अर्थ? "हळू आणि जोरात." बरोबर. अशाच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असलेलं दुसरं एखादं वाद्य सांग.

"पेटी."

तेव्हा तो हसला. कपड्यांची का, म्हणाला. त्याच्या कागदावर हार्पसिकॉर्ड लिहिलेलं असणार. पोरीचे कान लालेलाल झाले. मग त्यानं एका काळ्या पट्टीवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, ही कोणती? ती इतकी भांबावली होती की घरचंच तोंडी आलं. "काळी तीन."

"हे भजन नाही, बाळ." मग माझ्याकडं वळून, "काय हो, हे शिकवता तुम्ही?"

अहो, उत्तर बरोबर होतं! पेटीसुद्धा बोटीतून तिकडूनच आली. तिकडं ती पायांवर उभी असायची, पायानं भाता मारायचे. आपल्या लोकांनी तिचे पाय काढले, भाता मागं लावला आणि तिला मांडी घालून बसायला शिकवलं. आत तारा नाहीत, पितळी पात्या आहेत, वाऱ्यानं वाजतात, एवढाच फरक. पट्ट्या त्याच आणि त्यांचा क्रमही तोच. पियानो आणि पेटी चुलत बहिणी म्हटलं तरी चालेल. हे सगळं मला माहीत होतं, त्या मेल्यापेक्षा जास्त माहीत होतं. नुसती मूग गिळून बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी बोलले.

"नाही हो सर. शंभरदा सांगितलंय तिला. गावाकडची आहे ना ती."

गावाकडची! आणि मी कुठली, विलायतेची?

येताना एसटीत पोर खिडकीशी बसली होती. भोर सुटलं. मग म्हणाली, "बाई, पेटी चुकीची असती का?"

"खिडकी लाव," म्हटलं मी. "पाणी आत येतंय."

निकाल आला. तोंडीत गेली. बापाला फोन केला तर तो एवढंच म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या, बाई." तीन शनिवार तिच्या वेळेला खोली रिकामी. चौथ्या शनिवारी मी कुलूप लावलं आणि पासलीची एसटी धरली. अख्ख्या वाटेत परीक्षकाला शिव्या घालत होते. वेल्हं मागं पडलं तशा शिव्या आटल्या, आणि मग राग करायला मी एकटीच उरले.

बाप ओसरीवर बसला होता, पोर शेंगा फोडत होती. मी चहाला नको म्हटलं आणि कोपऱ्यातल्या पेटीवरचं फडकं काढलं. विचारलं नाही की काही नाही. वरची फळी उचलून त्याला दाखवत बसले, ह्या पट्ट्या बघा दादा, ह्याच पियानोला, ही काळी तीन म्हणजेच त्यांची एफ शार्प. तुमच्या पोरीचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. नावं दोन, पट्टी एक. हार्पसिकॉर्डापासून इटलीच्या कारागिरापर्यंत सगळं सांगितलं. बोलता बोलता माझा आवाज चढला. शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली.

बापानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तंबाखू मळायचा थांबला.

"येवढं समदं तुमाला ठावं हुतं," तो म्हणाला, "तर तितं का न्हाई बोलला?"

 

पोरीनं शेंगांवरची मान वर केली नाही. तिच्या बोलण्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. शाळेत काय झालं ते पोरं घरी सांगतात, तसं तिनं सांगितलं.

"बाई भ्याल्या हुत्या, आबा."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग उघड्या पेटीकडं. फळी हळूच खाली बसवली आणि तिच्यावर फडकं नीट पसरलं.

"मग जा गं तू शनवारी," तो पोरीला म्हणाला. "बाईंना सोबत व्हईल."