शेवटच्या पानापर्यंत

दुसरं महायुद्ध चालू असताना, उन्हाळ्यातल्या एका रविवारी, निपाणीतल्या एका वाचनालयाच्या सभेनं आपल्या अध्यक्षांना पदावरून काढलं. बेळगावच्या साप्ताहिकाचा बातमीदार म्हणून मी हजर होतो. आमच्या साप्ताहिकात ते पुस्तकांवर लिहीत.

ते कादंबरीकार, पण लोक भीत ते त्यांच्या टीकेला. तेव्हा नव्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेली येत, तुम्हाला आठवत असेल. ते तंबाखूच्या चाकूनं कापत कापत वाचायचे. कंटाळा आला की कापणं थांबवून पुस्तक लेखकाच्याच हातात द्यायचे. "इथवर आलो. पुढं वाट न्हाय."

एक लेखक चिडून म्हणाला, "अहो, पुढं नायिका मरते!"

"ती पहिल्या पानावरच मेलीया. पुढं नुसतं सुतक."

चाकू आप्पांचा. आप्पा वखारीत तंबाखूची पारख करायचे. दोघं बरीच वर्षं एका घरात राहत, नवराबायकोनं राहावं तसे. गावाला ते माहीत होतं. गाव बोलत नव्हतं. मग अध्यक्षांची नवी कादंबरी आली, दोन पुरुषांच्या संसाराची. प्रकाशकाची जाहिरात वाचूनच गाव बोलू लागलं.

सभेत एका वकिलानं अट घातली : माफी मागा, आप्पांना घराबाहेर काढा आणि खुर्ची राखा.

अध्यक्षांनी वाचनालयाच्या कपाटातली त्या कादंबरीची प्रत मागवली. एकही पान कापलेलं नव्हतं.

"वकीलसाहेब, घाण कुठल्या पानावर सापडली?"

मागून कुणीतरी ओरडलं, "वाचायला कशाला पायजे? तुमचं घर दिसतंय की!"

सभा हसली. आप्पा बाहेर पायरीवर बसले होते. आतलं सगळं तिथं ऐकू जात होतं.

"एक दुरुस्ती," ते म्हणाले. "आप्पा माझ्या घरात न्हाईत. मी आप्पांच्या घरात हाय. काढायचं का, ते त्यांना विचारा."

कुणी विचारलं नाही. हात वर झाले.

त्याच आठवड्यात आमच्या संपादकांनी त्यांचं सदर बंद केलं. पुढं त्यांचं काही छापून आलं नाही. स्वातंत्र्याच्या आदल्या हिवाळ्यात ते वारले. वाचनालयातलं कुणी आलं नाही. वखारीतल्या हमालांनी खांदा दिला.

तेराव्यानंतर आप्पा वाचनालयात आले. मी बातमीच्या कामानं निपाणीत आलो होतो, तिथंच वर्तमानपत्र चाळत होतो. त्यांनी ती प्रत मागितली. त्यांना अक्षरओळख बेताचीच. टेबलाशी बसून ते चाकूनं पानं कापू लागले.

"आप्पा, आता कोण वाचणार हे?" ग्रंथपाल म्हणाले.

"कोन का वाचंना. वाट करून ठेवतो."

शेवटचं पान कापून झाल्यावर त्यांनी पुस्तक कपाटात ठेवलं, पातं धोतराला पुसलं आणि ते निघून गेले.