नऊ नंबरचं कडं

स्टेशनच्या पलीकडची सिग्नलची जुनी केबिन आता रंगवून पिवळीधमक केलीय, तिचं संग्रहालय केलंय आणि तिच्यावर 'वारसा' अशी पाटी ठोकलीय. वारसा म्हणे. मला विचारलं असतं तर मी ती केव्हाच पाडून खड्डे बुजवायला दिली असती. पण मला कोण विचारतंय? मला आमंत्रण आलं ते मामाची भाची म्हणून. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, त्या केबिनचा शेवटचा केबिनवाला. उद्घाटनाला त्याचा सत्कार होता. बायको-पोरं त्याला नाहीत, तेव्हा घरचं म्हणून कोणीतरी दिसावं, असं संग्रहालयाच्या बाईंना वाटलं.

मी जाणारच नव्हते. आई म्हणाली, "जा. चारचौघांत बोलतो का बघून ये."

काय बोलायचं ते आमच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही. एवढं एक वाक्य तो लोकांसमोर बोलला, की आईच्या घराचं दार त्याला उघडं. तोवर नाही. आता म्हातारपणी एकटा पडलाय, हातापायांनी काही होत नाही, म्हणून बहिणीकडे यायचे निरोप धाडत असतो. आईनं एकाही निरोपाला उत्तर दिलेलं नाही.

तर ती केबिन. खाली विटांची खोली, वर लाकडी माडी, तिन्ही बाजूंना काचा. माडीवर छातीएवढ्या उंच लिव्हरांची रांग. काही सिग्नलचे, काही सांध्यांचे. सांधा म्हणजे एका रुळातून दुसरा फुटतो ती जागा. इथे लिव्हर ओढला की तिकडे लांबवर सांधा सरकायचा आणि गाडी वाट बदलायची. खालच्या खोलीत लोखंडी पट्ट्यांचं जंजाळ होतं. एक लिव्हर ओढला की त्याच्याशी न पटणारे बाकीचे आपोआप अडकून बसायचे. दोन गाड्या एका रुळावर आणायच्या म्हटल्या तरी केबिन आणू द्यायची नाही. पाटीवर हे सगळं लिहिलंय, वर 'अपघात अशक्य' असंही लिहिलंय. लिहिणाऱ्याला एकदा समोर उभं करून ऐकवायचंय मला. सांध्यात कोणाचा पाय आहे हे पट्ट्यांना कुठून कळणार?

त्यासाठी कडं होतं. साधं लोखंडी कडं. रुळावर माणूस कामाला उतरला की केबिनवाला त्या सांध्याच्या लिव्हरच्या मुठीवर ते अडकवायचा. कडं दिसलं की लिव्हरला हात लावायचा नाही. आणि पाळी बदलताना जाणाऱ्यानं येणाऱ्याला तोंडानं सांगायचं, अमुक कडं अमुक माणसासाठी. तोंडानं, हे महत्त्वाचं. ज्यांना तोंड उघडायला लाज वाटते त्यांनी या धंद्यात पडूच नये.

माझे बाबा त्याच केबिनमध्ये होते. माणूस नियमांचा इतका की वीट यावा. लिव्हरची मूठ उघड्या हातानं धरायची नाही, घामानं गंजते, म्हणून केबिनवाले फडकं वापरतात. बाबा घरातला नळसुद्धा फडक्यानं सोडायचे. आणि दारांचं तर विचारूच नका. पुढचं दार उघडं असेल तर मागचं उघडायचं नाही, मागचं उघडं असेल तर पुढच्याला हात लावायचा नाही. दारात पाहुणा ताटकळत असला तरी आधी आत जाऊन मागचं दार लावायचं, कडी घालायची, मगच पुढचं उघडायचं. आई वैतागायची. "हे घर आहे, केबिन नाही," म्हणायची. बाबा म्हणायचे, "सवय एकच असावी माणसाला." आम्ही पोरं हसायचो, आणि मुकाट्यानं दारं लावायचो.

मामाला तिथे चिकटवला तो बाबांनीच. दिवसभर घरात लोळायचा, आईचा जीव त्याच्यासाठी तुटायचा, म्हणून बाबांनी साहेबापुढे शब्द टाकला. तिथपर्यंत ठीक होतं. पण बाबांना एक खोड होती. जो भेटेल त्याला सांगायचे, "आमचा मेहुणा. मी चिकटवला त्याला." चहाच्या टपरीवर, न्हाव्याच्या खुर्चीत, मामा शेजारी उभा असतानाही. एक दिवस मामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं बाबांशी बोलणं टाकलं. बाबा म्हणाले, "माझं काय अडलंय?" त्यांनीही टाकलं. वर्षानुवर्षं दोघं एकाच जिन्यावरून एकमेकांना ओलांडून जायचे आणि तोंडातून अवाक्षर नाही. आई मध्ये भरडली. दोघांनाही तिनं चार-चारदा सुनावलं. दोघंही म्हणाले, "आधी त्याला सांग."

मग मामानं नवीन खोडी काढली. पाळी संपली की जाताना रिकाम्या लिव्हरांवर कडी अडकवून जायचा. उगाच. खाली रुळावर चिटपाखरू नसायचं. बाबांनी येऊन ती एकेक काढत बसावीत, एवढाच हेतू. बाबा घरी येऊन धुसफुसायचे, पण वर तक्रार करायचे नाहीत. मेहुण्याची तक्रार करायची म्हणजे त्याला चिकटवणारा मूर्ख ठरतो ना! म्हणून ते येऊन गपचूप सगळी कडी काढायचे. त्याचीही सवयच झाली. सवय एकच असावी माणसाला.

त्या सकाळी नऊ नंबरच्या सांध्यात तेलवाला, म्हणजे सांध्यांना तेल घालणारा माणूस, खरंच बसला होता. मामानंच त्याला उतरवलं होतं, नऊ नंबरवर कडं घातलं होतं, आणि नेहमीसारखी शेजारच्या लिव्हरांवरही घातली होती. आणि नेहमीसारखा तोंडात गुळणी धरून जिना उतरून निघून गेला. बाहेर धुकं होतं, सांध्यापर्यंत दिसत नव्हतं. मालगाडी येत होती. बाबांनी नेहमीसारखी कडी काढली आणि नऊ नंबर ओढला.

तेलवाल्याचं पाऊल गेलं. जीव वाचला. पुढे तो जन्मभर बाबांना शिव्या घालत राहिला, आणि त्या खऱ्याच होत्या. बाबांनी एकदाही त्याला उलटून उत्तर दिलं नाही.

चौकशी बसली. मामा म्हणाला, "मी कडं घातलं होतं." साहेबानं बाबांना विचारलं, होतं का? नव्हतं म्हणाले असते तर मामाची नोकरी गेली असती. एकाच्या शब्दावर दुसऱ्याचा शब्द, आणि बाबांचा शब्द जुना. आई आदल्या दिवशी एवढंच म्हणाली होती, "मला विचारू नका. एक माझा भाऊ, एक माझा नवरा, आणि दोघांच्याही थोबाडात द्यावीशी वाटते मला." बाबा साहेबाला म्हणाले, "होतं. मी काढलं." साहेब म्हणाला, "का काढलं?"

आता इथे मामानं उठायला हवं होतं. 'मी रोज उगाच घालायचो' एवढंच बोलायचं होतं. बाबांना वाटलं, तो बोलेल. आपण कशाला मेहुण्याची चुगली करायची, त्याचं तो बोलेल, असं त्यांनी मला पुढे स्वतः सांगितलं. मामा जमिनीकडे बघत बसला. बाबा गप्प राहिले. कारण न देता कडं काढणारा माणूस, म्हणून त्यांना काढून टाकलं.

क्वार्टर गेली. बाबा लाकडाच्या वखारीत फाटक उघडायला बसले. गावात त्यांचं नाव 'पायतोड्या' पडलं. त्याच नावानं ते गेले. मामा मात्र त्याच माडीवर राहिला, अगदी केबिन बंद होईपर्यंत.

उद्घाटनाला तो छातीवर बिल्ला लावून, हातात फडकं घेऊन उभा होता. लोक माना डोलावत होते. संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या, "आणि हे कडं कशासाठी असायचं?" मामानं झकास समजावलं. माणसाचा जीव त्यावर असतो, वगैरे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी मागून विचारलं, "मामा, आणि ते उगाच घातलं तर?"

त्यानं मला पाहिलं. म्हणाला, "उगाच कोण घालेल?"

लोक हसले. मी पुढे गेले, मांडून ठेवलेली सगळी कडी उचलली आणि एकेका लिव्हरवर अडकवत सुटले. बाईंना वाटलं प्रात्यक्षिक चाललंय, त्यांनी टाळ्या वाजवल्या. नऊ नंबरपाशी मामा माझ्या जवळ आला. ओठ न हलवल्यासारखा बोलला, "रोज घालायचो. त्याला चिडवायला."

"मोठ्यानं बोल."

त्यानं लोकांकडे पाहिलं, बिल्ल्याकडे पाहिलं. "आता काय उपयोग," म्हणाला, आणि फडक्यानं नऊ नंबरची मूठ पुसायला लागला. मी जिना उतरले.

घरी आले तर आई भाजी निवडत होती. "बोलला?"

"बोलला. माझ्या कानात."

आईनं भाजीची पुढची जुडी ओढली. थोड्या वेळानं पुढच्या दारावर थाप पडली. खिडकीतून पाहिलं, तर मामा. बिल्ला काढून आला होता, हातात पिशवी होती. "ताई," म्हणाला. "ताई, उघड."

आई उठली. मला वाटलं, उघडणार. शेवटी भाऊ आहे. पण ती पुढच्या दाराकडे गेलीच नाही. आत गेली, मागच्या दाराची कडी काढली, दार सताड उघडलं आणि परत येऊन भाजी निवडायला बसली.

आमचं घर एका रांगेत आहे, पुढच्या खिडकीतून पार परसापर्यंत दिसतं. मामानं ते उघडं दार पाहिलं. मागचं उघडं, म्हणजे पुढचं उघडणार नाही. वळसा घालून मागून यायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही, कारण जन्मभर तोही केबिनवालाच होता. तो पायरीवर जरा वेळ बसला, मग पिशवी उचलून गेला.