धूप आणि निळा बेडूक

काचपेटीतला एक निळा बेडूक मेला, त्या दिवसापासून वडील आईच्या धुपावर संशय घेऊ लागले. आजही धुपाचा वास आला की नाशिक रोडच्या घरातली ती पेटी आठवते. ओल्या शेवाळावर दोन निळे विषारी बेडूक असायचे, आणि वडिलांनी त्यांच्यात दुसऱ्या जातीचा एक पिवळा आणून सोडला होता. "तुझ्या धुरानं गेला," वडील म्हणाले. "अहो, मग पिवळा कसा फुगतोय?" आईने विचारलं. तरी तिने धूप बंद केला. पण दुसरा निळाही वाळत चालला, तेव्हा वडील पेटीसमोर बसून राहिले. खायला माशा सोडल्या की पिवळा निळ्याला कोपऱ्यात दाबून धरत होता. त्यांनी पिवळ्याला वेगळ्या पेटीत ठेवलं, आणि संध्याकाळी देवापुढे स्वतः धूप लावला. आता आई नाही, वडीलही नाहीत. वाचलेला तो निळा बेडूक अजून माझ्याकडे आहे.