उंबऱ्यापर्यंतची मोजणी

भिंत एकच असली की शेजारचं भांडण ऐकायला कान लावावा लागत नाही. तीन वर्षांमागची गोष्ट. प्रसेनजीत मोजणी खात्यातनं रिटायर झाला आणि हापिसानं भंगारात काढलेली वीस मीटरची साखळी घेऊन घरी आला. खळ्ळकन ती अंगणात पडली, तशी त्याची बायको शालूबाई सुरू झाली.

"चाळीस वर्सं दुसऱ्यांची रानं मोजलासा. आपल्या नावावर गुंठा तरी हाय का? आता ही बेडी कशापायी आणलीसा?"

"जगाचं वय मोजायचं हाय."

"घ्या! रान सरलं, आता आभाळ!"

"आभाळाला सातबारा न्हाय, शालू. कोण हरकत घ्याय येत न्हाय."

"मी घेते की हरकत! मी काय मेले व्हय?"

मी अलीकडं हसत बसले आणि तव्यावरची भाकरी करपवली.

प्रसेनजीत मोजणीत साखळी ओढायचा. साहेब फळीवर कागद लावून सावलीत उभा, आणि हा काट्याकुट्यातनं. मोजणी झाली की साहेबाला सोप्यात बसवून चहा, ह्याला बाहेर बांधावर. नोकरीच्या सुरवातीला तर ह्याचा कपही वेगळा असायचा. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. पण गारगोटीच्या वाचनालयातनं त्यानं एक पाचशे पानांचं पुस्तक आणलं. जग कसं झालं, तारे, पृथ्वी, जीव, मग माणूस, सगळं एका दमात सांगणारं. दर पंधरा दिवसांनी जाऊन तारीख वाढवून आणायचा.

त्याचा हिशेब साधा होता. साखळीला शंभर कड्या. एक कडी म्हणजे एक कोटी वर्षं. आमच्या गल्लीत दूध डेरीच्या पायरीपासून त्याच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत बरोबर चौदा साखळ्या, त्यात वीस कड्या कमी. डेरीपाशी जग सुरू, उंबऱ्यावर आजचा दिवस. एक पान चार-चारदा वाचायचा, आकडा ताडून बघायचा, मगच खुंटी पुढं ठोकायचा. गिरणीपाशी सूर्य पेटला, तिथनं सहा कड्यांवर पृथ्वी. मी दळण घेऊन निघाले की म्हणायचा, "आक्का, सूर्याच्या पल्याड निघालासा, जपून!"

एकदा मी विचारलं, "आणि माणूस रं कुठं?"

"उंबऱ्याला घासून. ह्या कडीच्या तारंची जाडी हाय न्हवं, तेवढाच."

"मग तेवढ्यासाठी एवढी पायपीट?"

तो म्हणाला, "आक्का, चौदा साखळ्या चालून आलेला माणूस. दुसऱ्याला 'तू भाईर थांब' म्हणायला ह्यो कुठल्या जागी शिकला, ते मला बघायचं हाय."

पण साखरेनं त्याला गाठलं. आधी डोळे गेले, नुसतं धुकं उरलं. मग मूत्रपिंडं. आठवड्यातनं दोनदा कोल्हापूरला रक्त धुवायला जायचं. डॉक्टरनं शालूबाईला बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस नाहीत. तेव्हा खुंटी दारापासून साठ कड्यांवर होती.

शालूबाईला अक्षर येत नाही, पोरगा सम्राट पुण्याला कंपनीत. उरले मी, चौथी शिकलेली. जोडाक्षर आलं की माझी गाडी रुतायची. रोज दोन पानं म्हणजे डोक्यावरनं पाणी. तो भिंतीला टेकून बसायचा, पाय सुजलेले, तोंड पिवळं. मी वाचून थांबले की साखळी चाचपत एक-दोन कड्या पुढं सरकायचा आणि हातानं खुंटी दाबायचा. मासे पाण्यातनं वर आले तेव्हा सदतीस कड्या राहिल्या होत्या. मी मनात गणित केलं. ह्या चालीनं माणूस यायच्या आधी हा जाणार.

म्हणून मी लबाडी केली. एका दुपारी पानांचा गठ्ठाच उलटला.

"आकाशातनं दगुड पडला आणि ते दांडगे सरडे मेले," मी वाचलं.

"कवा?"

"साडेसहा कोटी वर्षांमागं."

तो जमिनीवर ओणवा झाला आणि बोटांनी एकेक कडी मोजत गेला. धाप लागली तरी मोजत गेला.

"आक्का, मधल्या तीस कड्या कुठं गेल्या?"

"पानं चिकाटली व्हती रं."

"तीस कोटी वर्सं चिकाटली?"

मला हसू येईना, रडू येईना. "प्रसेन, तुझ्याच भल्यासाठी केलं. माणसावर जाऊ की लवकर."

"एक कडी गाळली की कुणाचा तरी बांध सरकतोय. मी जलमात गाळली न्हाय. मागं चला."

शालूबाई आतनं ओरडली, "अवो, मराय टेकलासा आणि कड्या कसल्या मोजतासा! ऐका की आक्काचं!"

त्यानं ऐकलं नाही. झाडं, सरडे, पाखरं, सगळं वाचण्यात दीड महिना गेला. हाताची शीर सुईला दाद देईना. पाणीसुद्धा घोटभरच प्यायचं. मी रोज विचारायची, "आता तरी माणसाचं पान काढू?" तो मानेनंच नको म्हणायचा. एकदा माझा तोल सुटला. म्हटलं, "एवढा हट्ट कुणासाठी रं? कोण बघणार हाय तुझी खुंटी?" तर म्हणाला, "मोजणी अर्धी ऱ्हायली तर दुसरा येऊन पुरी करतोय. खोटी केली तर कुणालाच कळत न्हाय."

सोमवारी पहाटे तो गेला. खुंटी पाच कड्यांवर होती. उंबऱ्यापासून एक मीटर. माणूस आलाच नाही. त्याला जे बघायचं होतं ते मी नंतर एकटीनं वाचून काढलं. पुस्तकात दोन ओळी आहेत. धान्य साठवायला लागले, मग वरचे आणि खालचे झाले, एवढंच. हे त्याला सांगायला हवं होतं की नको, माझं मलाच ठरत नाही.

तो गेला त्या सोमवारच्या आदल्या बुधवारी पुस्तकाची तारीख होती. पायात चप्पल शिरेना. मी म्हटलं, "तू पड, मी जाऊन येते."

"पुस्तक माझ्या नावावर हाय," म्हणाला, आणि सम्राटची जुनी मोठी चप्पल घालून निघाला. मीही बरोबर गेले. एसटीत कंडक्टरनं हात धरून बसवलं. वाचनालयातला विश्वजित त्याला बघून उभाच राहिला.

"काका, ठेवा की तुमच्याकडंच. कोण मागाय येतंय?"

"तारीख टाक."

विश्वजितनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. त्यानं शिक्का मारला. पुढचे पंधरा दिवस.

प्रसेनजीतनं पुस्तक पिशवीत घातलं, पिशवीच्या बंदांचे हाताला दोन वेढे दिले आणि म्हणाला, "चला आक्का, साडेअकराची गाडी गावंल."